तिथं दुसरं मोठं माणूस कोण होतं? स्काउट लीडर्सचे प्रश्न, ताईंची उत्तरं

या वेळी स्काउटिंगवरच इतकी पत्रं आलीत की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात ढकललेत. पत्रं मुलांची नाहीत, सगळी मोठ्यांची आहेत, म्हणजे पथक चालवणाऱ्या, पगार न घेता सुट्टीचा दिवस देणाऱ्या आणि वर फॉर्म भरत बसणाऱ्या मंडळींची. एक आधीच सांगते, नियमांचे आकडे देशागणिक आणि संस्थेगणिक बदलतात, त्यामुळे आकडा तुमच्या संस्थेच्या नियमपुस्तिकेतलाच धरा, माझ्याकडून फक्त त्यामागचं लॉजिक घ्या.

प्रश्न: ताई, मुलगा स्काउटमध्ये आहे म्हणून मला पण लीडर व्हा म्हणाले, मी हो म्हटलं. आता पोलीस व्हेरिफिकेशन, दोन जणांचे रेफरन्स, मुलाखत, वर ऑनलाइन कोर्स! मी फुकट काम करायला आलोय की बँकेत कॅशियर लागतोय? खरं सांगू, अपमान वाटला. सोडून द्यावं का?

सोडू नका हो. राग येतो, मला पण आला होता. "आपल्यावर कधी गुन्हा दाखल झाला आहे का" या रकान्यासमोर पेन धरून मी चांगली पाच मिनिटं घुम्यासारखी बसले होते, तेव्हा ज्या बाई फॉर्म घ्यायला आल्या होत्या त्यांनी स्वतःचा भरलेला फॉर्म काढून दाखवला, त्या तिथल्या सगळ्यात सीनियर, पण रकाना तोच आणि सही तशीच. मग गुपचूप भरला. नियम सगळ्यांना सारखा आहे ना, मग त्यात अपमान कसला? ज्या दिवशी एखाद्याला "तुम्ही काय, आपलेच" म्हणून सोडलं त्या दिवसापासून मात्र बाकीच्यांचा खरंच अपमान सुरू होतो, आणि मुलांना त्रास देणारा माणूस बहुतेक वेळा अनोळखी नसतोच, ओळखीचा आणि विश्वासातलाच निघतो.

पण खरं सांगायचं तर ते व्हेरिफिकेशन म्हणजे सगळं काही नाही. पोलिसांचा कागद फक्त पकडला गेलेला माणूस दाखवतो, जो कधी सापडलाच नाही त्याचा कागद कोराच येणार. म्हणून माझ्या मते सगळ्यात मोठा नियम वेगळाच आहे, कधीच एकटं राहायचं नाही. अमेरिकेतल्या स्काउटिंगमध्ये प्रत्येक कार्यक्रमाला किमान २ नोंदणी झालेले लीडर लागतात, दोघंही २१ वर्षं पूर्ण झालेले. बाकी ठिकाणी शब्द वेगळे असतील पण गाभा हाच, एक मोठं माणूस आणि एक मूल असे दोघंच बंद खोलीत नाहीत, गाडीत नाहीत, तंबूत तर नाहीतच नाहीत. मुलाशी खाजगी बोलायचंय तर मैदानाच्या कडेला जा, सगळ्यांना दिसाल पण ऐकू जाणार नाही एवढ्या अंतरावर.

हे ऐकायला सोपं वाटतं, खरी परीक्षा होते मीटिंग सुटल्यावर. सगळे गेले, एकच मुलगा कट्ट्यावर पाय हलवत बसलाय, त्याच्या आईचा फोन लागत नाही, आणि तुमचा जोडीदार हेल्मेट घालत म्हणतो, "थांबताय ना तुम्ही? मी निघू?" तर नाही, त्याने निघायचं नाही. शेवटचं मूल गेल्याशिवाय दुसरा लीडर जात नाही, हे आमच्या पथकात रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहिलंय, आणि यावरून माझी जितकी भांडणं झालीत तितकी बाकी कशावरून झाली नसतील.

प्रश्न: माझ्या पथकातल्या एका १३ वर्षांच्या मुलीने रात्री ११ ला पर्सनल मेसेज केला, "ताई तुम्हाला एक सांगायचंय पण कोणालाच सांगू नका, प्रॉमिस करा." मी घाईत प्रॉमिस म्हटलं. तिने घरातल्या एका नातेवाईकाबद्दल जे लिहिलं ते वाचून मला झोप लागली नाही. आता काय करू, प्रॉमिस मोडू?

हो, मोडायचं, आणि आजच. पत्र आलं तेव्हाच मी तुम्हाला फोन केला होता, बाकीच्यांसाठी इथे लिहिते.

मुलांना असलं प्रॉमिस कधीच द्यायचं नाही. त्याऐवजी म्हणायचं, "तू सांग, मी ऐकतेय, पण तुझ्या सुरक्षिततेचं काही असेल तर मला मदत करणाऱ्या माणसाला सांगावं लागेल." तुम्हाला वाटेल असं म्हटलं तर मूल गप्पच बसेल, पण तुमच्यापर्यंत आलेलं मूल सहसा मदतच मागत असतं. आता देऊन बसलाच आहात तर तिला सरळ सांगा की माझं चुकलं, हे माझ्यापाशी ठेवता येणार नाही, कोणाला सांगणार आहे तेही सांगा.

मग करायचं काय, तर तिचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा, तारीख आणि वेळ टाकून, आपली भाषा न घालता. तिने "मला आवडत नाही ते करतात" असं लिहिलं असेल तर तेच लिहा, तुम्ही त्याचा अर्थ लावून मोठा शब्द लिहू नका. मेसेज डिलीट करू नका. खोदून खोदून विचारू नका, "त्यांनी असं केलं का, तसं केलं का" असं तर अजिबात नाही, कारण मुलाच्या तोंडात शब्द घातले की पुढे खऱ्या चौकशीत सगळंच संशयात येतं. आणि त्या नातेवाईकाला किंवा घरी फोन करून "हे खरं आहे का" विचारणं, हे तर चुकूनही नाही. तपास आपलं काम नाही हो. संस्थेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी नेमलेली व्यक्ती असते, त्यांना त्याच दिवशी कळवायचं, तुमची खात्री पटेपर्यंत थांबायचं नाही. धोका आत्ता या क्षणी आहे असं वाटलं तर थेट पोलीस किंवा बालकांची हेल्पलाइन. जागतिक स्काउट संघटनेत या सगळ्याला सेफ फ्रॉम हार्म म्हणतात, त्याचं ट्रेनिंग कंटाळवाणं वाटतं हे कबूल, पण रात्री ११ ला मेसेज येतो तेव्हा तेवढंच आठवतं.

अजून एक, मुलांशी वन टू वन चॅट बंद करा. दुसरा लीडर किंवा पालक असलेला ग्रुप ठेवा, मुलाने पर्सनलवर लिहिलं तर उत्तर देताना दुसऱ्या लीडरला सामील करून घ्या. वर लिहिलेला एकटं न राहण्याचा नियम फोनमध्ये पण चालतो.

प्रश्न: कॅम्पचे पैसे पालकांनी माझ्या पर्सनल अकाउंटवर पाठवले, खर्च मीच केला, थोडे उरलेत. आता एक पालक ग्रुपवर हिशोब मागतायत, तेही जरा लागट भाषेत. मी एक पैसा खाल्ला नाही!

नाहीच खाल्ला, पण दाखवणार कसं? तुमचा पगार, किराणा आणि कॅम्प सगळं एकाच पासबुकात कालवलंय. पथकाचं वेगळं अकाउंट, त्यावर दोन सह्या, आणि त्या दोन सह्या नवरा-बायकोच्या नकोत, ही गंमत मी खरंच पाहिलीय. तोवर निदान पालकांना पावती द्या, खर्चाचं एक पान करा, उरलेले परत द्यायचे की पुढच्या कॅम्पला वळवायचे हे पालकांच्या मीटिंगमध्ये ठरवा, तुम्ही एकट्याने नाही.

आणि बिलांचं सांगते, माझीच फजिती. एका कॅम्पची सगळी बिलं मी मोठ्या शिस्तीत पाकिटात घालून कपाटात ठेवली, ऑडिटला काढली तर २ महिन्यांत निम्मी पांढरी फटक! हल्ली दुकानातून मिळतात ना ती गुळगुळीत थर्मल कागदाची बिलं, त्यांवरची अक्षरं उडतात, उन्हात गाडीत राहिली तर आणखीच लवकर. शेवटी ती रक्कम मी खिशातून भरली कारण कोऱ्या कागदावर कोण विश्वास ठेवणार. तेव्हापासून बिल हातात आलं की तिथेच फोटो, आणि मागच्या बाजूला पेनने काय घेतलं, कशासाठी घेतलं.

लागट बोलणाऱ्या त्या पालकांना उलट बोलू नका, त्यांनाच पुढच्या वर्षी हिशोब तपासायला बसवा. असे लोक फार उपयोगी असतात.

प्रश्न: २६ मुलं, ११ ते १४ वयाची, २ रात्रींचा कॅम्प. आम्ही दोघं लीडर आणि एक १७ वर्षांचा सीनियर मुलगा जो एकदम जबाबदार आहे, जवळपास आमच्याइतकाच. तीन जण पुरतील ना?

तीन नाही, तुम्ही दोघंच आहात. १७ वर्षांचा मुलगा कितीही गुणी असला तरी तो मुलांच्या बाजूला मोजायचा, त्याला काही झालं तर जबाबदारी तुमच्यावरच येणार. ब्रिटनमध्ये साधारण याच वयोगटाला बाहेरच्या कार्यक्रमासाठी १२ मुलांमागे १ मोठं माणूस आणि शिवाय एक मुख्य लीडर असा हिशोब धरतात, त्या मापाने तुम्हाला ४ जण लागतील. तुमच्या संस्थेचा आकडा बघा आणि नसेल जमत तर मुलं कमी करा किंवा पालकांना बोलवा, पण रात्री राहणाऱ्या पालकांचं पण व्हेरिफिकेशन करून घ्या.

त्या मुलाला मात्र काम द्या, भरपूर द्या. १९०७ साली इंग्लंडमधल्या ब्राऊनसी बेटावर स्काउटिंग सुरू करणाऱ्या बेडन पॉवेलनी पहिला कॅम्प घेतला तेव्हा २० मुलांचे ४ संघ केले होते आणि प्रत्येक संघाला मुलांमधलाच नायक, संघपद्धत तिथूनच आली. हजेरी, सामानाची यादी, सफाईच्या पाळ्या हे संघनायकांनी करायचं, तुम्ही फक्त बघायचं. औषधं आणि पैसे मात्र त्यांच्याकडे नाही.

औषधांवरून आठवलं. एका कॅम्पला रात्री एका मुलाला धाप लागली. त्याचा आरोग्याचा फॉर्म होता, पालकांची सही होती, सगळं व्यवस्थित, फक्त ती फाइल गाडीत, गाडी लॉक आणि किल्ली ज्याच्याकडे तो दुसऱ्या लीडरबरोबर गस्तीला मैदानाच्या पार टोकाला. इनहेलर मुलाच्या बॅगेतच होता म्हणून निभावलं, पण तो कुठे आहे हे आम्हाला त्याच्या शेजारी झोपणाऱ्या पोराने सांगितलं, आम्हाला माहीत नव्हतं! आता फॉर्मची एक प्रत पहिल्या लीडरच्या पाठीवरच्या बॅगेत आणि दुसरी दुसऱ्याच्या, इनहेलर मुलाच्या स्वतःच्या खिशात, बाकीची औषधं नाव लिहून कुलपात, आणि दिलेल्या प्रत्येक गोळीची वेळ वहीत, देणाऱ्याच्या सहीसकट.

प्रश्न: आमचे एक काका २० वर्षांहून जास्त पथक चालवतायत, सगळे त्यांना मानतात. पण सुरक्षेचं नवीन ट्रेनिंग करायला तयार नाहीत, "मी वुड बॅज केलेला माणूस, मला काय शिकवता" म्हणतात (वुड बॅज म्हणजे स्काउट लीडर्सचं मोठं ट्रेनिंग). मी वयाने निम्मा आहे, सांगू कसं?

हा यातला सगळ्यात नाजूक प्रश्न. काकांच्या गळ्यात ते दोन लाकडी मणी आहेत म्हणजे मेहनत केलेली आहे, त्याचा मान ठेवूनच बोलायचं. पण इंग्लंडमधल्या गिलवेल पार्कला वुड बॅजचा पहिला कोर्स झाला १९१९ ला, तो शिकवतो पथक कसं चालवायचं ते, काकांनी केला त्या वेळी मुलांच्या हातात फोनही नव्हते.

शिवाय लीडरचं पद कायमचं नसतं हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. १९९३ ला बँकॉकच्या जागतिक स्काउट परिषदेत मोठ्यांसाठीचं धोरण ठरलं, त्याचा गाभा असा की नेमणूक दोघांच्या संमतीने आणि ठराविक मुदतीची, मुदत संपली की बसून बोलायचं, पुढे चालू ठेवायचं, दुसरं काम घ्यायचं की थांबायचं. तुमच्याकडे हे बसून बोलणं झालेलंच दिसत नाही, काकांचं राहू द्या, तुमचं तरी झालंय का?

तुम्ही एकट्याने आणि चारचौघात तर अजिबात सांगू नका. जिल्ह्याच्या स्काउट कमिशनरना किंवा काकांच्या बरोबरीच्या कोणाला तरी घेऊन त्यांच्या घरी जा. आणि "तुम्हाला शिकायचंय" असं म्हणू नका, म्हणा की "काका, नवीन पोरं तुमच्याकडे बघून करतात, तुम्ही पहिल्या रांगेत बसलात की कोणी नाही म्हणणार नाही." आमच्याकडे हे चाललं. नाहीच ऐकलं तर मुलांचं पथक नाही, तंबू-दोरखंडाचं स्टोअर किंवा जुने फोटो आणि लॉग बुकं सांभाळायचं काम द्या, ते त्यांच्याइतकं कोणाला जमणार पण नाही. वाईट वाटेल त्यांना, तुम्हालाही वाटेल. ट्रेनिंगशिवाय मुलांबरोबर मात्र नाही.

प्रश्न: बदली झाली, ६ वर्षांनी पथक सोडतोय. नवीन लीडरला काय काय द्यायचं?

नोंदणीची फाइल, हजेरी, हिशोबाची वही, सामानाची यादी, किल्ल्या, सगळं दोघांनी मोजून, यादीवर दोघांच्या सह्या. बँकेत सही बदलून घ्या, हे लोक हमखास विसरतात आणि मग नवीन माणूस महिनोन्महिने जुन्याला फोन करत बसतो. मुलांचे आरोग्याचे फॉर्म घरी ठेवू नका, फोनमधले फोटो आणि पालकांच्या नंबरांची यादी पण डिलीट. आणि जाण्याआधी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा अ‍ॅडमिन बदला, एक नाही, दोन करा.