तेराव्या वर्षी क्रिकेट की फुटबॉल? दोन्ही, पण हिशोब एकाच वहीत

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगी तेरा वर्षांची आहे, सांगलीत शाळेकडून मध्यमगती गोलंदाजी करते, फुटबॉल संघात बचावफळीत असते आणि क्रिकेटचे सर म्हणतात की फुटबॉल आता बंद करा. माझं स्पष्ट मत: या वयात बंद करू नका.

आपल्या सांगलीच्या स्मृती मानधनाच्या नेतृत्वाखाली 2024 मध्ये बंगळूरकडून डब्ल्यूपीएल, म्हणजे महिलांची टी-20 लीग, जिंकलेली एलिस पेरी आठवा. जुलै 2007 मध्ये, सोळाव्या वर्षी, ती ऑस्ट्रेलियाकडून पहिला एकदिवसीय सामना खेळली. पुढच्याच महिन्यात हाँगकाँगविरुद्ध फुटबॉलमध्ये पदार्पण केलं आणि दुसऱ्याच मिनिटाला गोल मारला. 2009 ला क्रिकेटचा विश्वचषक खेळली, 2011 ला फुटबॉलचा, आणि तिथे स्वीडनविरुद्ध गोलही. अडलं ते तारखांवर. 2012 मध्ये तिच्या फुटबॉल क्लबने, कॅनबरा युनायटेडने, फुटबॉलला अग्रक्रम देण्याचा आग्रह धरला तेव्हा ती सिडनी एफसी या दुसऱ्या क्लबकडे गेली. एकट्या क्रिकेटकडे वळली ती विशी ओलांडल्यावर.

आपल्याकडे मुली जायबंदी होतात त्याचं मोठं कारण म्हणजे एका सरांना दुसऱ्यांच्या सरावाचा पत्ताच नसतो. सकाळी नेटमध्ये गोलंदाजीचा सराव, संध्याकाळी फुटबॉलच्या स्प्रिंट, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. म्हणून एक वही ठेवा. त्यात रोज टाकलेले चेंडू, फुटबॉलची मिनिटं आणि सकाळी उठल्यावर कंबर, गुडघा, घोटा कसा आहे, एवढंच लिहायचं. सामन्यातली षटकं सगळे मोजतात, नेटमधले चेंडू कुणी मोजत नाही, आणि कमरेवरचा खरा भार तिथेच चढतो. एका दमात 5 षटकं, दिवसात 10, यापुढे नको. सलग तिसऱ्या दिवशी गोलंदाजी नाही, फुटबॉल सामन्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. आठवड्याला 100 चेंडू होत असतील तर पुढच्या आठवड्यात 110-120, एकदम 180 नाही.

कमरेकडे विशेष लक्ष द्या. एका पायावर उभी राहून मागे वाकल्यावर कमरेच्या एकाच बाजूला दुखलं, तर गोलंदाजी त्याच दिवशी थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. मणक्याला पडणारी बारीक चीर सुरुवातीला एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही, एमआरआय लागू शकतो. बाम चोळून चार दिवसांत पुन्हा चेंडू हातात देतात, तिथे दुखणं महिनोनमहिने लांबतं. निदान होईपर्यंत फुटबॉलही नको, कारण किक मारतानाही कंबर पिळवटते.

गुडघ्यासाठी तिला पायरीवरून दोन्ही पायांवर उडी मारायला सांगा आणि समोर उभं राहून बघा. टेकताना गुडघे आत वळत असतील तर लिगामेंटला, म्हणजे गुडघ्याची हाडं बांधून ठेवणाऱ्या पट्ट्याला, धोका असतो. मुलींमध्ये तो मुलांपेक्षा जास्त. फिफा 11+ हा वॉर्मअप 20 मिनिटांचा आहे. आठवड्यातून किमान दोनदा, नीट, दोन्ही खेळांच्या आधी करून घ्या. घाईत उरकला तर उपयोग नाही.

बूट वेगवेगळेच घ्या. फुटबॉलच्या बुटांत गोलंदाजी केली की पाय वळायच्या वेळी स्टड, म्हणजे तळव्याचा खुंट, जमिनीत अडकतो आणि पीळ गुडघ्यावर जातो. लांब स्टड पावसाळ्यातल्या ओल्या मैदानालाच. दिवाळीनंतर काळी माती टणक होते, भेगा पडतात, तेव्हा छोट्या रबरी स्टडचे बूट हवेत. मुलांच्या नेटमध्ये तिच्या हाती 156 ग्रॅमचा चेंडू येतो. महिलांचा चेंडू 140 ते 151 ग्रॅमचा असतो, तोच मागून घ्या. फुटबॉल या वयाला 4 नंबरचा बरा.

शालेय स्पर्धांचं वेळापत्रक जिल्हा क्रीडा कार्यालयाकडून आलं की दोन्ही खेळांच्या तारखा शेजारी मांडा आणि दोन्ही सरांना एकत्र बसवा. तारखा भिडल्या तर कुठली स्पर्धा सोडायची हे तेव्हाच ठरवा, आणि त्यात तिचं मत पहिलं विचारा. फुटबॉलची स्पर्धा असेल त्या आठवड्यात नेटमध्ये फक्त फलंदाजी.