दोन यंत्रं, दोन आकडे

प्रश्न : घरी बिअर करतोय, ही तिसरी खेप. सुरुवातीला रिफ्रॅक्टोमीटरवर (थेंबभर द्रवातून साखर सांगणारं यंत्र) १२ ब्रिक्स, म्हणजे १२ टक्के साखर आली, आणि हायड्रोमीटरवर (द्रवात तरंगून पाण्याच्या मानाने घनता दाखवणारी दांडी) १.०४८, बारा चोक ४८, म्हणजे दोन्ही जुळलं. दोन आठवड्यांनी बघतो तर रिफ्रॅक्टोमीटर ६ ब्रिक्स दाखवतोय, चारने गुणलं की १.०२४ होतात, आणि हायड्रोमीटर म्हणतोय १.०१०! मित्र म्हणतो यीस्ट झोपलंय, अजून टाक. खरं कुणाचं धरू?

उत्तर : यीस्ट टाकू नका, ते बिचारं काम करून बसलंय. चारने गुणायचा हिशोब फक्त आंबायच्या आधी चालतो, कारण रिफ्रॅक्टोमीटर साखर मोजतच नाही, प्रकाश किती वाकतो ते बघतो, आणि अल्कोहोलसुद्धा पाण्यापेक्षा प्रकाश जास्त वाकवतं, मग त्याला तेही साखरच वाटतं. सुरुवातीचे १२ आणि आताचे ६ हे दोन्ही आकडे घालून दुरुस्तीचं सूत्र लावलं की उत्तर १.०१०च्या आसपासच येतं, म्हणजे तुमची दोन्ही यंत्रं ठीक आहेत. हायड्रोमीटरही तसा भोळाच, अल्कोहोल पाण्याहून हलकं असल्याने तो थोडा जास्तच खाली बसतो आणि आकडा कमी दाखवतो, पण अल्कोहोलचं नेहमीचं सूत्र ते गृहीत धरूनच बनलंय. १.०४८ वजा १.०१०, गुणिले १३१.२५, म्हणजे जवळजवळ ५ टक्के.

तरी हायड्रोमीटर एकदा तपासून घ्या, साध्या पाण्यात नको, साखरेच्या पाण्यात. १० ग्रॅम साखर आणि ९० ग्रॅम पाणी, काट्यावर तोलून (चमच्याने नको हो), नीट विरघळवायची, मग २० अंशाला हायड्रोमीटरवर १.०४० आणि रिफ्रॅक्टोमीटरवर १० यायला हवं. फरक आला तर तो कागदावर लिहून डब्यात ठेवा. आणि दांडीवर कुठलं तापमान छापलंय ते बघा, बहुतेक २० अंश असतं पण काहींवर १५.५ही असतं. ४० अंशांच्या वर्टमध्ये (न आंबलेल्या गोड काढ्यात) २०चा हायड्रोमीटर टाकलात तर तो ६ एक पॉइंट, म्हणजे ०.००६ कमी दाखवणार.

सगळ्यात जास्त फसवतात ते बुडबुडे. माझी एक खेप चार दिवस १.०१६वर अडकली होती, मी उगाच बादली हलवत बसलो, आणि शेवटी कळलं की गॅसचे बुडबुडे दांडीला चिकटून तिला वर उचलत होते! नमुना एका ग्लासातून दुसऱ्यात आठ-दहा वेळा ओता, फेस बसू द्या, हायड्रोमीटरला गिरकी द्या आणि डोळे पातळीला आणून दांडीजवळ द्रव किंचित वर चढतो तो सोडून सपाट पातळीचा, खालच्या कडेचा आकडा वाचा. नमुना परत बादलीत ओतू नका, चाखून बघा.

बाटल्या लगेच भरू नका, दोन-तीन दिवसांनी परत मोजा, १.०१०च आला तर भरा, अजून उतरत असेल तर थांबा, नाहीतर उरलेली साखर बाटलीत आंबून बाटल्या फुटतात.