चामड्याला पहिला रंग देताना

भावा, रंग नंतर, आधी चामडं बघ. कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल आणि हिरड्यानं कमावलेलं असतं, ते रंग पितं. कोल्हापूरच्या चप्पल लाइनमधून, म्हणजे चपलांच्या बाजारातून, तुकडा आणलास की त्यावर पाण्याचा थेंब टाक. मुरला तर काम होणार. तसाच उभा राहिला तर वर फिनिश, म्हणजे पाणी अडवणारा लेप आहे, तो तुकडा बाजूला ठेव.

सुरुवातीला स्पिरिटचा रंग, जुन्या सुती बनियनचे तुकडे, कडांना बारीक ब्रश आणि रबरी हातमोजे एवढं बास. खिडक्या उघड्या, जवळ शेगडी नको.

नवशिके चुकतात ते इथं:

- एकाच हातात गडद रंग काढायची घाई. जाड थरातला जादा रंग आत मुरत नाही, वर भुकटी होऊन बसतो आणि घामानं पायाला लागतो. दोन-तीन पातळ हात दे: एक उभा, पुढचा आडवा.
- रंगानं चिंब बोळा थेट टेकवणं. जिथं टेकतो तिथं काळा डाग, तो पुसून जात नाही. बोळा पिळ, आधी रद्दी तुकड्यावर टेकव, मग लहान गोल फिरवत न थांबता सगळा पृष्ठभाग उरक.
- ओल्यावर शेड ठरवणं. ओला रंग गडदच दिसतो. रात्रभर सुकू दे, पावसाळ्यात त्याहून जास्त. कडक उन्हात नको, चामडं आखडतं.

सुकल्यावर कोरड्या फडक्यानं घास, फडकं स्वच्छ निघेपर्यंत. ही पायरी कंटाळून सोडू नकोस. मग तेलाचा अगदी पुसट हात.

शेडिंग (फिकट-गडद छटा), एअरब्रश (रंग फवारायचं यंत्र) आत्ता नको. पट्ट्याएवढे चार-पाच तुकडे एकसारखे रंगव, मग चपलेला हात लाव.