खटला रखडला, म्हणून जामीन मिळतो का?

प्रश्न : राहत्या घरात चोरी केल्याच्या आरोपावरून माझा धाकटा भाऊ अडीच वर्षे तुरुंगात आहे. अटकेनंतर केलेला जामीन अर्ज फेटाळला गेला. आजवर दोनच साक्षीदार तपासून झाले आहेत. त्याला पूर्वी कधीही शिक्षा झालेली नाही. केवळ विलंबाच्या कारणावरून पुन्हा अर्ज करता येईल का?

उत्तर : करता येईल. पहिला अर्ज फेटाळला गेला त्यानंतर कोठडीत गेलेला काळ हाच परिस्थितीतील बदल मानता येतो. मात्र ‘खटला फार रखडला’ एवढ्या तक्रारीने भागत नाही, महिन्यांचा हिशेब मांडावा लागतो.

या गुन्ह्याला कमाल शिक्षा सात वर्षांची आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, पूर्वी कधीही शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याने (खटल्याचा निकाल न लागलेल्या आरोपीने) कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ, म्हणजे येथे २८ महिने, कोठडीत काढला असेल, तर न्यायालयाने त्याला जामिनावर सोडावे अशी तरतूद आहे. संहिता लागू होण्यापूर्वीच्या खटल्यांनाही ती लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले. मुदत भरताच न्यायालयाकडे लेखी अर्ज करण्याची जबाबदारी कारागृह अधीक्षकांवर आहे. तो अर्ज गेला आहे का, हे आधी विचारा.

येथे एक मेख आहे. आरोपीवर एकाहून अधिक गुन्ह्यांचा तपास किंवा खटला प्रलंबित असेल, तर या कलमाचा लाभ मिळत नाही. म्हणून आरोपपत्रात चोरीच्या जोडीला घरफोडीचे कलम लावलेले आहे का, हे वकिलांकडून तपासून घ्या, कारण सरकारी वकील नेमके त्यावरच बोट ठेवू शकतात.

शिवाय आरोपीमुळे झालेला विलंब या २८ महिन्यांत धरला जात नाही. त्यासाठी रोजनाम्याची, म्हणजे न्यायालयातील प्रत्येक तारखेच्या कामकाजाच्या नोंदीची, प्रमाणित नक्कल काढा आणि प्रत्येक तारखेपुढे कारण लिहा : ‘साक्षीदार गैरहजर’, ‘आरोपीस कारागृहातून हजर केले नाही’, ‘आरोपीच्या वकिलांचा मुदतीचा अर्ज मंजूर’. पहिल्या दोन प्रकारच्या तारखा सरकार पक्षाच्या खाती जातात, तिसऱ्या प्रकारच्या आपल्या. तुरुंगातल्या माणसाला आपल्याच वकिलाने किती वेळा मुदत मागितली याची अनेकदा कल्पनाही नसते, त्यामुळे ही नोंद वाचताना मन घट्ट करावे लागते.

कलम ४७९ चा मार्ग बंद झाला, तरी उच्च न्यायालय राहते. जलद सुनावणी हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील हक्काचा भाग असल्याचे हुसैनारा खातून प्रकरणात १९७९ मध्येच ठरले. २०२१ च्या के. ए. नजीब प्रकरणात तर आरोप दहशतवादविरोधी कायद्याखालचे होते. तरीही पाच वर्षांहून अधिक कोठडी आणि तपासायचे उरलेले २७६ साक्षीदार पाहून सर्वोच्च न्यायालयाने जामीन कायम ठेवला. चोरीच्या खटल्यात हा आधार कमकुवत ठरू नये.

वकिलांचा खर्च झेपत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. कोठडीतील व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. आणि जामीन मंजूर झाल्यावर जामीनदार मिळाला नाही, तर गप्प बसू नका. महिनाभरात जामीनपत्र भरले गेले नाही, तर न्यायालयाने स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करावा, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये दिले आहेत. त्यांचा हवाला देऊन जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय आरोपीच्या स्वतःच्या हमीवर, सुटकेची मागणी करता येते.