जाण्याआधी लॅपटॉपमधलं कोकण काढून घे

देवगडहून मास्टर्सला जर्मनीत निघालायस, लॅपटॉप चार वर्षांचा झालाय, तो आणावा की इथे येऊन नवीन घ्यावा आणि आणला तर दोन वर्षं टिकेल कसा, असं विचारलंस. आण. सुरुवातीला इथे खोलीचं डिपॉझिट, भाडं, विमा यातच खिसा रिकामा होतो. शिवाय इथल्या कीबोर्डवर वाय आणि झेडची अदलाबदल असते, तो वैताग वेगळा.

पण निघण्याआधी तो उघडून साफ करून घे. माझ्या लॅपटॉपने मालवणात, समुद्राच्या अगदी कडेच्या घरात, तीन पावसाळे काढले होते. इथे आल्यावर पंखा गिरणीसारखा घरघरायला लागला. मागचं झाकण काढलं तर पंख्यामागे जांभ्याच्या तांबड्या धुळीचा जाड थर, स्क्रूंची डोकी गंजलेली आणि तांब्याच्या नळीवर हिरवं जंगाल, न घासलेल्या तपेल्यावर चढतं तसं. पंखा आपल्याकडची खारी, दमट हवाच आत ओढत असतो, दुसरं काय होणार? इथे त्या सफाईला आणि प्रोसेसरची उष्णता बाहेर न्यायला लावतात त्या नव्या थर्मल पेस्टला किती युरो गेले, ते आईला अजून सांगितलेलं नाही. तू गणपती झाले की कणकवलीत उरकून घे. तोवर विजा चमकायला लागल्या की चार्जर भिंतीतून उपटत जा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

लाईट कधी जाईल याचा नेम नाही म्हणून आपण चोवीस तास चार्जिंगला लावून ठेवतो. इथे ती सवय सोड. लिथियम बॅटरीला १०० टक्क्यांवर गरम होत बसणं सोसत नाही. बऱ्याच लॅपटॉपांत चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सेटिंग असते, ती चालू कर.

चार्जरवर १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर कन्व्हर्टर घेऊ नकोस, इथेही २३० व्होल्टच आहे. ॲडॉप्टरपासून भिंतीपर्यंतची वायर सुटी निघत असेल तर तेवढीच इथली घे. आपला प्लग इथल्या सॉकेटात बसवणाऱ्या स्वस्तातल्या जोडपिनेत अर्थिंग तुटतं आणि लॅपटॉप धातूचा असेल तर हाताला मुंग्या येतात.

विमानात लॅपटॉप आणि पॉवर बँक केबिन बॅगेत. कोकमाच्या आगळाची बाटली चेक-इनमध्ये, तीन पिशव्यांत गुंडाळून.

आणि हिवाळ्यात बाहेरून आलास की लगेच चालू करू नकोस. गरम खोलीत शिरताच चश्म्यावर वाफ धरते, तशीच लॅपटॉपच्या आतही धरते. तासभर बॅग बंदच राहू दे.