मडक्यावर कॅमेरा लावताना

शहापूर, बेळगाव

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या वेदान्तावरच्या फिल्मची संहिता दोनदा वाचली. राजहंसगडावर सूर्य मावळतोय, बासरी वाजतेय, पद्मासनातला म्हातारा डोळे मिटतो आणि मागून धीरगंभीर आवाज येतो, 'ब्रह्म सत्यं जगन्मिथ्या'. पोरी, तुझा सगळा वेदान्त त्या आवाजात बसलाय. आवाज बंद करून बघ, पर्यटनाची जाहिरात उरेल.

हा गाढवपणा मीही केलाय, म्हणून हक्कानं सांगतो. खानापूरच्या कुंभारकामावर मी 10 मिनिटांची फिल्म केली होती. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक ऋषी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, मातीचाच दाखला देतो: एक गोळा कळला की मातीचं सगळं कळलं, बाकी आकार म्हणजे नुसती नावं. ते सगळं मी निवेदनात कोंबलं. फिल्म बघून कुंभारमामा एवढंच म्हणाले, "चाकाचा आवाज कुठं गेला, साहेब?"

आणखी एक शॉट होता. दारात दोन बायका आल्या. एकीनं गाडगं मागितलं, दुसरीनं कन्नडात गडिगी. मामांनी दोघींना एकाच उतरंडीतून काढून दिलं, मान वर न करता. भाषणात व्यत्यय येतो म्हणून मी तो कापला! आज आठवलं की कपाळावर हात मारून घेतो.

तेव्हा आधी निवेदन काढ. मग काठीनं फिरवायचं जुनं चाक कुणाकडे आहे ते शोध. मोटरचं चालणार नाही. काठी बाजूला ठेवली तरी ते चाक फिरतच राहतं. ज्ञान झाल्यावरही देह का टिकतो, हे सांगताना शंकराचार्यांनी याच कुंभाराच्या चाकाचा दृष्टांत दिलाय. वेग सरेपर्यंत फिरणार, तेच प्रारब्ध. मडकं दोऱ्यानं कापून उचललं की सगळे कट करतात. तू करू नकोस. रिकामं चाक डगमगत थांबेपर्यंत कॅमेरा हलवायचा नाही. थांबल्यावर आणखी 30 सेकंद नुसता आवाज घे: कोंबडी, लांबची एसटी, जे असेल ते. बासरीपेक्षा ते बरं. आणि स्लो मोशन म्हणजे शांती, हे तुला कुणी शिकवलं?

ध्यान करायला हवं का, असं विचारलंस. ते मी कोण सांगणार? पण रिसालदार गल्लीत, 1892 च्या ऑक्टोबरात विवेकानंद भाटे वकिलांकडे ज्या घरात उतरले होते, तिथं कॅमेरा न नेता अर्धा तास बसून ये. शूट करायची खाज सुटेल. ती खाज बघत बस. बघणारा फ्रेममध्ये कधी येत नाही, म्हणून तर पद्मासनातल्या म्हाताऱ्याचा उपयोग नाही.

जूनच्या आत जा. पावसात मडकी वाळत नाहीत, काम थंडावतं. माझा ट्रायपॉड ने. एक पाय सैल आहे, सुतळीनं आवळून बांध.

तुझा,
काका