स्वतःचा लाईव्ह फँटसी फुटबॉल गेम चालवायचा तर नेमकं कुठे अडतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: प्रोग्रामिंग बऱ्यापैकी येतं, ओळखीतल्या चाळीस-पन्नास जणांसाठी प्रीमियर लीगवर (इंग्लंडची अव्वल फुटबॉल लीग) फँटसी गेम काढायचाय, म्हणजे प्रत्येकाने खऱ्या खेळाडूंचा काल्पनिक संघ निवडायचा आणि त्यांच्या खऱ्या कामगिरीवर गुण मिळवायचे, सामना सुरू असतानाच गुण वरखाली होताना दिसले पाहिजेत, एकट्याला झेपेल का?

झेपेल. मी अशीच एक खासगी लीग काही हंगाम चालवतोय, त्यावरून सांगतो. संघ निवडायचं पान, खेळाडूंची यादी, गुणतक्ता ही सुरुवातीला डोंगराएवढी वाटणारी कामं लवकर उरकतात. जीव खातं ते लाईव्हचं प्रकरण. सामना चालू असताना पडद्यावर दिसणारा आकडा कच्च्या वहीतला असतो आणि लोक तो पक्क्या वहीतला समजून एकमेकांना चिडवायला लागतात, मग आकडा फिरला की तुमच्यावर धावून येतात. या दोन वह्या मनात, डेटाबेसमध्ये आणि पडद्यावर वेगळ्या ठेवता आल्या तर बाकीचं जमतं.

तसं पाहिलं तर या खेळाचं लाईव्हवाचून काही अडत नाही. 1962 मध्ये ओकलंड रेडर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचे एक भागीदार बिल विंकेनबाख यांनी मित्रांना घेऊन फँटसी लीग आखली, त्या काळी सामने झाल्यावर आकडे जमवून हातानेच हिशोब व्हायचा. म्हणून पहिले तीन-चार आठवडे लाईव्ह बंदच ठेवा, गुण दुसऱ्या दिवशी लावा. नियमांतली भोकं त्या काळात दिसून येतात, आणि तेव्हा कुणी तुमच्या डोक्यावर बसलेलं नसतं.

नियम स्वतःचे शोधू नका. अधिकृत फँटसी प्रीमियर लीगची चौकट उचला, कारण खेळणाऱ्यांना ती पाठ असते. 100 दशलक्ष पौंडांचं काल्पनिक बजेट, 15 खेळाडू, त्यात 2 गोलकीपर, 5 बचावपटू, 5 मिडफिल्डर, 3 फॉरवर्ड, आणि एका क्लबचे जास्तीत जास्त 3. फॉरवर्डच्या गोलला 4 गुण, मिडफिल्डरच्या 5, बचावपटूच्या 6. असिस्टला (गोलसाठी शेवटचा पास देण्याला) 3. क्लीन शीट राहिली (संघाने एकही गोल खाल्ला नाही) तर गोलकीपर आणि बचावपटूला 4, मिडफिल्डरला 1. पिवळं कार्ड उणे 1, लाल उणे 3, स्वयंगोल उणे 2. आपल्या संघातल्या ज्याला कॅप्टन नेमाल त्याचे गुण दुप्पट. हे सगळं एका पानात मावतं आणि त्यावर कुणी हुज्जत घालत नाही. हुज्जत होते ती कडेकडेच्या गोष्टींवर.

उदाहरणच घ्या. 60 मिनिटं खेळला तर 2 गुण, त्याच्या आत उतरवला तर 1. ऐकायला किती सोपं! पण फुटबॉलमध्ये '60वं मिनिट' म्हणजे घड्याळात 59 पूर्ण होऊन 60 व्हायच्या आतला काळ. डेटात '60व्या मिनिटाला बदली' असं आलं तर तो गडी साठ मिनिटं खेळला की एकोणसाठ आणि काही सेकंद? त्यात क्लीन शीटसाठीही 60 मिनिटंच लागतात, म्हणजे बचावपटूच्या बाबतीत हा फरक एका गुणाचा नसून पाच गुणांचा आहे. शिवाय भरपाई वेळ (वाया गेलेल्या वेळेपोटी शेवटी जोडलेली मिनिटं) त्यात धरत नाहीत. पहिल्या डावात 45 अधिक 6 मिनिटं झाली आणि खेळाडू 57व्या मिनिटाला बाहेर गेला तर तो 62 मिनिटांहून जास्त मैदानात असूनही नियमाने साठाच्या आतच. तुम्ही कुठलाही अर्थ लावा, फक्त हंगाम सुरू व्हायच्या आधी तो लिहून लावा.

असिस्टचंही तसंच. अधिकृत फँटसी गेममध्ये पेनल्टी मिळवून देणाऱ्यालाही असिस्ट मिळतो (दुसऱ्याने ती गोलमध्ये घातली तर), आणि फटका अडवला गेल्यावर परतलेल्या चेंडूवर सहकाऱ्याने गोल केला तरी. सामन्याच्या नेहमीच्या आकडेवारीत असे असिस्ट बऱ्याचदा नसतात. तुम्ही ज्यांच्याकडून डेटा घ्याल त्यांची व्याख्या एक आणि तुमच्या लोकांच्या डोक्यातली दुसरी, असं झालं की दर शनिवारी कटकट ठरलेली. मी सरळ लिहून टाकलंय: डेटात असिस्ट असेल तर असिस्ट, नसेल तर नाही, माझ्याशी वाद घालू नका.

2025-26 पासून अधिकृत गेमने बचावाच्या कामगिरीलाही 2 गुण ठेवलेत: बचावपटूचे क्लिअरन्स (चेंडू दूर मारणं), ब्लॉक (फटका अडवणं), इंटरसेप्शन (पास मधेच तोडणं) आणि टॅकल (चेंडू हिसकावणं) मिळून 10 झाले की ते मिळतात. नोंदी हाताने करणार असाल तर हा नियम वगळा. टीव्हीसमोर बसून एका माणसाला बावीस जणांचे क्लिअरन्स मोजता येत नाहीत. बोनस गुणही तसेच. प्रत्येक सामन्यात सगळ्यांत चांगलं खेळलेल्या पहिल्या तिघांना 3, 2, 1 असे ते मिळतात, पण शेवटच्या शिट्टीपर्यंत क्रम सतत बदलत असतो. ठेवायचेच असतील तर लाईव्ह बेरजेत धरू नका, शेजारी वेगळ्या रकान्यात फिक्या रंगात दाखवा.

आता मूळ मुद्दा. एक सामना डोळ्यासमोर आणा. यजमान 1-0 ने पुढे आहेत, 88वं मिनिट, पाहुण्यांच्या फॉरवर्डने गोल केला. एका क्षणात काय काय हलतं बघा: गोल करणाऱ्याला 4, पास देणाऱ्याला 3, यजमानांच्या गोलकीपरचे आणि चारही बचावपटूंचे क्लीन शीटचे 4-4 गेले, त्यांच्या मिडफिल्डरांचा एकेक गेला. ज्याने त्यातला एखादा बचावपटू कॅप्टन केलाय त्याचे एकदम 8 गेले. गुणतक्ता ढवळून निघाला. दोन मिनिटांनी व्हीएआरने (व्हिडिओ पाहून निर्णय तपासणाऱ्या पंचांनी) ऑफसाईड दाखवून गोल रद्द केला, की हे सगळं जसंच्या तसं मागे आलं पाहिजे. प्रीमियर लीगमध्ये 2019-20 च्या हंगामात व्हीएआर आल्यापासून हा नेहमीचाच भाग झालाय.

बहुतेक जण कोड असा लिहितात की गोल आला की 4 मिळव, रद्द झाला की 4 वजा कर. असं करू नका. डेटा पुरवणारे एकच गोल दोनदा पाठवतात, आधी नुसता गोल, मग असिस्टसह. कधी रद्द झाल्याची नोंद आधी येते आणि गोलची मागाहून. बेरीज-वजाबाकी करत राहिलात तर रात्री दहाला कुणाचे तरी 4 गुण जास्त असतील आणि ते कुठून आले ते तुम्हालाही सांगता येणार नाही. त्याऐवजी गुण साठवूच नका, घटना साठवा. प्रत्येक घटनेला स्वतःचा क्रमांक, तीच घटना पुन्हा आली तर जुनीवर नवी लिहायची, रद्द झाली तर पुसायची नाही, 'रद्द' अशी खूण करायची. आणि काहीही बदललं की त्या सामन्याचे गुण शून्यापासून पुन्हा काढायचे. गुण ठरवणाऱ्या घटना एका सामन्यात काही डझनच असतात, संगणकाला त्याचं काही वाटत नाही. शिवाय कुणी मध्यरात्री 'माझे 2 गुण का गेले' विचारलं तर घटनांची यादी पुढे ठेवता येते. माझ्याकडचे निम्मे वाद त्या यादीनेच मिटतात.

शून्यापासून हिशोब करताना कोण कधीपासून कधीपर्यंत मैदानात होता हे लागतंच. बचावपटू 70व्या मिनिटाला 0-0 असताना बाहेर गेला आणि नंतर त्याच्या संघाने गोल खाल्ले, तर त्याची क्लीन शीट शाबूत राहते. उलट लाल कार्ड मिळून गेला असेल तर त्याच्यामागे बसलेले गोलही त्याच्या खात्यावर पडतात. या दोन्ही गोष्टी चाचणीत हमखास घाला.

डेडलाईनबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही, पण जे आहे ते जपून करा. अधिकृत गेममध्ये आठवड्याच्या पहिल्या सामन्याच्या 90 मिनिटं आधी संघ बंद होतात, तेच ठेवा. वेळ सर्व्हरची धरा, खेळणाऱ्याच्या फोनची नाही, आणि सगळं यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) साठवा, कारण ब्रिटनमधली घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सरकतात आणि त्या आठवड्यात कुणीतरी एक तास उशिरा उगवतोच. डेडलाईन झाली की प्रत्येकाच्या संघाची प्रत वेगळ्या तक्त्यात उतरवून ठेवा आणि लाईव्ह हिशोब फक्त त्या प्रतीवरून करा. सामना सुरू असताना कुणी पुढच्या आठवड्यासाठी कॅप्टन बदलला तर चालू आठवड्याला धक्का लागता कामा नये.

राखीव खेळाडूंची आपोआप होणारी अदलाबदल (निवडलेला गडी खेळलाच नाही तर त्याच्या जागी राखीव येणं) लाईव्ह दाखवण्याच्या भरीस पडू नका. संघात किमान 3 बचावपटू आणि 1 फॉरवर्ड असलाच पाहिजे, त्यामुळे राखीवांत पहिला बसलेला फॉरवर्ड दर वेळी आत येतोच असं नाही. तिघांपैकी एक बचावपटू खेळला नाही तर फॉरवर्डला ओलांडून मागचा बचावपटू घ्यावा लागतो. आणि रविवारचे सामने बाकी असताना शनिवारी हे ठरवताच येत नाही. आठवड्याचा शेवटचा सामना संपला की एकदाच करा.

लाईव्ह किती लाईव्ह? लोक दर सेकंदाला म्हणतील, तुम्ही मिनिटावर ठाम राहा. ऑनलाईन प्रक्षेपण प्रत्यक्ष खेळाच्या कितीतरी सेकंद मागे असतं. गुण फार झटपट हलवले तर गोल दिसायच्या आधी तुमच्या पानावर कळतो आणि लोक वैतागतात, तेही रास्तच आहे. मिनिटाभराच्या अंतरामुळे दुसरंही काम होतं: हिशोब एकदाच करून एका फाईलमध्ये लिहायचा आणि सगळ्यांच्या फोनने तीच वाचायची. प्रत्येकाचा फोन थेट डेटा पुरवणाऱ्याकडे धावायला लागला तर तुमची विनंत्यांची मर्यादा मध्यंतराआधीच संपेल.

पुढे ढकललेल्या सामन्यांचा नियम मात्र पहिल्या दिवशीच हवा. सप्टेंबर 2022 मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या निधनानंतर प्रीमियर लीगचा आख्खा आठवडा पुढे ढकलला गेला. 16 डिसेंबर 2023 ला तर याहून अवघड प्रसंग आला: बोर्नमथविरुद्ध ल्यूटनचा कर्णधार टॉम लॉकियर मैदानावर कोसळला आणि 1-1 असताना सामना थांबवावा लागला. लॉकियर वाचला हे महत्त्वाचं. मार्चमध्ये तो सामना पहिल्या मिनिटापासून पुन्हा खेळवला गेला आणि बोर्नमथने 4-3 असा जिंकला. आता डिसेंबरमधल्या त्या दोन गोलांचे गुण द्यायचे की नाही? दोन्ही बाजूंनी बोलता येतं. माझ्याकडे नियम असा आहे की अर्धवट सुटलेल्या सामन्याचे गुण धरायचे नाहीत आणि पुन्हा खेळवलेला सामना ज्या आठवड्यात पडेल त्या आठवड्याचा. तुमचा वेगळा असू शकतो, पण अशा वेळी खेळाडू दवाखान्यात असताना गुणांवर मतदान घ्यायची पाळी येऊ देऊ नका.

कच्चं कधी पक्कं होतं तेही ठरवून टाका. गोल कोणाच्या नावावर हे सामन्यानंतरही बदलतं. बचावपटूला लागून आत गेलेला चेंडू आज फॉरवर्डचा गोल असतो, उद्या स्वयंगोल. मी आठवड्याच्या शेवटच्या सामन्यानंतर पूर्ण एक दिवस थांबतो, मग पानावर 'अंदाजे' जाऊन 'अंतिम' येतं. त्यानंतर अधिकृत नोंद बदलली तरी आमचा गुणतक्ता बदलत नाही. यावर एकदोघे रुसतात, पण जुने आठवडे उकरत बसण्यापेक्षा ते परवडतं.

क्लबची बोधचिन्हं आणि खेळाडूंचे फोटो वापरू नका, ते त्यांच्या मालकीचे असतात. नाव आणि जर्सीच्या रंगांवर काम भागतं. प्रवेश फी आणि बक्षिसाचे पैसे हा विषय तर मुळात आणूच नका. पैसे आले की कायदा आला, आणि त्याहून आधी भांडण.

राहिलं तुमचं 'एकट्याला'. कोड एकट्याने लिहा, पण निवाड्याला दुसरा माणूस हवा, शक्यतो न खेळणारा. आणि तुम्ही स्वतः खेळणार असाल तर एक गोष्ट ध्यानात घ्या: डेटाबेस तुमच्या हातात, म्हणजे डेडलाईनआधी सगळ्यांचे कॅप्टन फक्त तुम्हालाच दिसतात. तुम्ही डोकावत नाही हे कुणाला पटवून देता येणार नाही. म्हणून माझा संघ इतरांच्या एक दिवस आधी बंद होतो आणि तेव्हाच सगळ्यांना दिसायला लागतो. आयत्या वेळी कुणी जखमी झालं तर ते माझं नुकसान, पण जिंकलो त्या आठवड्यांत कुणी चकार शब्द काढलेला नाही.